सीलबंद झटका मशीनची बॅटरी बदलू देण्याबाबत

दिनांक : १९ नोव्हेंबर
लिहिण्यास सुरुवात : सकाळी ९ वाजून १० मिनिटे

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
वीज तपासणी कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : दगडखाणीलगतच्या कुरणातील कुंपणाचे सीलबंद झटका मशीन उघडून त्यातील संपलेली बॅटरी बदलण्याची परवानगी आजच्या आज मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज, दि. ६ ऑक्टोबर (हा करण्याची गरज नव्हती, असे आता कळते).
२) आपल्या निरीक्षकांचा पंचनामा व सीलबंदीचा आदेश, दि. २८ ऑक्टोबर.
३) अर्जदाराची स्मरणपत्रे, दि. ४, ११ व १६ नोव्हेंबर.

महोदय,

१. अर्जदार हा आपल्याच कार्यालयाच्या आवक-जावक शाखेतून एकतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झालेला लिपिक आहे. आपण नव्याने रुजू झालेले असल्याने ओळख नसणार. आवक नोंदवहीच्या कपाटाची किल्ली आधी डावीकडे अर्धी फिरवून मग उजवीकडे फिरवावी लागते, हे ज्याने सगळ्या शाखेला शिकवले तोच हा. हे सांगण्यात वशिला लावण्याचा हेतू नाही. कागदाशिवाय काही करायचे नाही ही सवय अर्जदाराच्या हाडीमासी खिळलेली आहे आणि आज जे ओढवले आहे ते त्या सवयीमुळेच, एवढे सुरुवातीला कबूल करून टाकलेले बरे.

२. गायी अर्जदाराच्या पत्नीच्या आहेत. संख्या नऊ. घरामागे कुरण आहे आणि कुरणाच्या पलीकडच्या अंगाला बंद पडलेली दगडखाण आहे. खाण चाळीस फूट खोल, कडा सरळ कापलेली, तळाला हिरवे पाणी. गेल्या वर्षी एक गाय कडेचे गवत खाता खाता आत पडली. ती लगेच मेली नाही. पाण्यातल्या एका दगडावर उभी राहून दुपारभर वर बघत होती. क्रेन मिळेना, दोर पुरेना. पत्नी कडेला पालथी पडून तिच्याशी बोलत राहिली. अर्जदार त्या वेळी घरात बसून क्रेन कोणत्या खात्याकडे मागावी याचा मसुदा तयार करीत होता. मसुदा पक्का झाला तेव्हा गाय उभी नव्हती. पत्नीने त्याबद्दल आजवर एक अक्षर काढलेले नाही, आणि अर्जदाराला ते बोलण्यापेक्षा जास्त लागते.

३. त्यानंतर पत्नीने कुंपण स्वतः उभारले. चौसष्ट खांबांचे खड्डे तिने पहारीने घेतले. तारेचे पदर दोन, एक गायीच्या गुडघ्याशी आणि एक छातीशी. तार लाकडाला टेकली की झटका ओल्या खांबातून जमिनीत पळून जातो, म्हणून जुन्या पाण्याच्या नळीचे तुकडे कापून मध्ये बसवले. अर्थिंगसाठी जमिनीत तीन लोखंडी पाइप पुरुषभर खोल ठोकले. मशीन मोटार वाइंडिंगवाल्याने बांधून दिले. ते गाडीच्या जुन्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते, घरच्या विजेशी त्याचा काडीचा संबंध नाही. बॅटरी तीन आठवडे पुरते. तोवर दुसरी बॅटरी घरात चार्ज होऊन तयार असते, की अदलाबदल करायची. मशीन साधारण सव्वा सेकंदाला एकदा ‘टक्’ असा आवाज करते आणि तेवढ्या क्षणापुरता तारेत झटका सोडते. माणसाला तो बसला तर माणूस शिवी देतो, मरत नाही. अर्जदाराने स्वतः दोनदा दिली आहे.

४. कुंपण चार महिने बिनघोर चालले. मग अर्जदाराला अवदसा आठवली. एवढे तारांचे काम विनापरवाना उभे आहे हे मनाला टोचू लागले आणि परवानगी लागते किंवा कसे, अशी विचारणा करणारा अर्ज त्याने संदर्भ क्र. १ अन्वये आपल्या कार्यालयात दिला. पत्नी म्हणाली होती, “कुणी विचारलंय का तुम्हाला? मग कशाला उगाच लोकांना कामाला लावताय?” अर्जदाराने तिला नियमांचे महत्त्व समजावून सांगितले. बराच वेळ सांगितले.

५. दि. २८ ऑक्टोबर रोजी निरीक्षक आले. माणूस सभ्य, पाणी प्यायले, गायींचे कौतुकही केले. त्यांच्या छापील तक्त्यात ‘मीटर क्रमांक’ असा रकाना होता. बॅटरीला मीटर नसते असे अर्जदाराने नम्रपणे सांगितले. त्यावर ते म्हणाले, “मीटर नाही म्हणजे विनामीटर वीजवापर. तिसरा रकाना माझ्याकडे नाही हो.” त्यांनी मशीनची पत्र्याची पेटी, चौकशी पूर्ण होईपर्यंत ‘आहे त्या स्थितीत’ ठेवण्यासाठी, लाख आणि सुतळी लावून सील केली. मशीन त्या वेळी चालू होते. म्हणून ते चालू स्थितीत सील झाले. कुरणाचे फाटकही सील झाले. पंचनाम्यातील मुद्देमालाची यादी जशीच्या तशी देत आहे : पत्र्याची पेटी एक, खांब चौसष्ट, तार दोन पदरी, फाटक एक, गायी नऊ.

६. सुपूर्तनाम्यावर मुद्देमालाचा ताबेदार म्हणून अर्जदाराची सही आहे. सीलला हात लावल्यास किंवा मुद्देमाल जागचा हलवल्यास दंड व कारावास, असे खाली बारीक अक्षरांत छापलेले आहे. निरीक्षकांची पाठ वळताच पत्नी म्हणाली, “गोठ्याकडची तार खाली पाडते आणि गायी बाहेर घेते. पेटी बसू दे तिकडे टकटक करत.” अर्जदाराने तिला अडवले. गायी यादीत आहेत, त्या जागेवरून हलल्या तर ते पुराव्याशी छेडछाड करण्यासारखे होईल, असे त्याने सांगितले. पत्नीने विचारले, “गाय म्हणजे काय टेबल-खुर्ची आहे?” अर्जदाराने तिला ती बारीक अक्षरे वाचून दाखवली. शेवटी त्याने हात जोडले आणि तिच्याकडून शब्द घेतला की ती सील तोडणार नाही, तारेला हात लावणार नाही आणि गायी हलवणार नाही. तिने शब्द दिला. म्हणाली, “तुम्ही आत गेलात तर तिथल्या लोकांनाही अर्ज करायला लावाल, त्यापेक्षा राहू दे.” तेव्हापासून ती जुनी रबरी ट्यूब खालच्या तारेवर टाकून दोन तारांमधून आत सरपटते, धारा काढते, दुधाची बादली घेऊन तशीच बाहेर येते. आतले गवत केव्हाच संपले आहे. ती बाहेरून कापून आत टाकते, ते नऊ जणींना पुरत नाही. पुरेसे गवत आता फक्त खाणीच्या कडेला, तारेपलीकडे आहे.

७. पेटी बंद असल्याने बॅटरी तपासता येत नाही. सबब अर्जदार रोज दोनदा घड्याळ लावून टक् मोजतो व नोंदवहीत लिहितो. बॅटरी उतरली की मशीन सावकाश होते. दि. २८ ऑक्टोबर, मिनिटाला ४८. दि. ८ नोव्हेंबर, ४६. दि. १४, ३९. दि. १७, ३०. काल संध्याकाळी १९. या काळात तीन स्मरणपत्रे दिली. निरीक्षक महिनाभराच्या प्रशिक्षणाला गेले आहेत. ज्याने सील लावले त्यानेच ते काढायचे किंवा आपल्या लेखी आदेशाने काढायचे, असे समजले, आणि आपण दौऱ्यावर होता. दि. १६ रोजी आवक खिडकीवर जी मुलगी बसली होती तिला अर्जदारानेच हाताला धरून काम शिकवले आहे. ती फार मायेने म्हणाली, “काका, अर्ज करून ठेवा ना.” हेच वाक्य अर्जदार त्याच खिडकीत एकतीस वर्षे बोलत आला. खिडकीच्या या बाजूने ते कसे ऐकू येते, याची त्याला कल्पना नव्हती.

८. आज सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी मशीन बंद पडले. तारेत आता काहीही नाही. तार म्हणजे नुसती तार आहे. सदर बाब गायींपासून गोपनीय ठेवण्यात आलेली आहे.

ती कशी, तेही नमूद करतो. नऊ जणींत हेडबाई म्हणून एक आहे. बाकीच्या तिच्या धाकात. ती मधूनमधून तारेजवळ येते, कान पुढे करून टक् ऐकते आणि मागे फिरते. ती मागे फिरली की सगळ्या फिरतात. म्हणून पेटीशेजारी (पेटीस स्पर्श न करता) अर्जदाराची आत्या, वय ८३, हिला स्टुलावर बसवले आहे. आत्याने सारा जन्म शिवणयंत्र चालवले. ती रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर कात्रीने टक् वाजवते आहे, सव्वा सेकंदाला एक. अर्जदाराने घड्याळ लावून पाहिले, फरक नाही. “मशीन बसलं तर बसू दे, माझा हात अजून चालू आहे,” असे ती म्हणते. तिने सकाळपासून पाणीही घेतलेले नाही, कारण घोट घ्यायला लागणारा वेळ दोन टक् एवढा आहे.

अर्जदार स्वतः खाणीच्या बाजूस, तार आणि कडा यांच्यामधल्या सात पावलांच्या पट्ट्यात, मांडीवर पाट घेऊन हा अर्ज लिहीत बसला आहे. पत्नी गोठ्यामागे गवत कापते आहे. पूर्ण चार्ज केलेली दुसरी बॅटरी तिने दहा दिवसांपूर्वीच पेटीजवळच्या फळीवर आणून ठेवली आहे. सील आणि ती बॅटरी यांच्यात एका वितीचे अंतर आहे.

९. वेळ ११.४०. हेडबाई तीनदा येऊन कान लावून गेली. पूर्वी ती दिवसातून एकदा येई.

तरी मायबाप साहेबांस विनंती की बॅटरी बदलण्याचा लेखी आदेश द्यावा. लेखी जमत नसल्यास शिक्का मारलेला कोरा कागद पाठवावा, मजकूर अर्जदार स्वतः लिहून घेईल, त्यास सवय आहे. शिक्का कपाटात असल्यास नुसता निरोप चालेल. बॅटरी बदलता येत नसेल तर निदान गायी या मुद्देमाल नाहीत असे कळवावे. नऊच्या नऊ गायींना सूट देणे धोरणात बसत नसेल तर एकट्या हेडबाईस द्यावी, बाकीच्या तिच्यामागून विनाआदेश येतील. आणि यांपैकी काहीच शक्य नसेल, तर अर्जदाराचे नाव मुद्देमालाच्या यादीत दहावे घालावे, म्हणजे तो इथे का बसला आहे याला काही आधार राहील. दूध नेणारा टेंपोवाला पाच वाजता येतो, त्याच्या हाती हा अर्ज देणार आहे. पाच वाजेपर्यंत काय करायचे, याचे मार्गदर्शन अर्ज पोहोचण्याआधी मिळाल्यास उपकार होतील.

१०. वेळ १२.३५. आत्याचा ठेका मंदावला आहे. लांबून दिसते की तिची मान खाली जाते आणि परत वर येते. हाक मारावी तर गायी बिथरतील. अर्जदार जागचा उठून तिकडे गेला तर ही बाजू मोकळी पडते.

ठेका थांबला.

हेडबाईने मान वर केली आहे. ती पेटीकडे बघत नाही, इकडे बघते आहे. येते आहे. मागून दोघी उठल्या. तिने तारेशी नाक आणले. लावले. लेखन थांबवीत आहे.

११. वेळ ३.२५. पुढील मजकूर घरात बसून लिहिला आहे.

हेडबाईने नाक तारेला लावून काही क्षण तसेच ठेवले. तिला कळले. मी टाळ्या वाजवल्या, ओरडलो, पाट आपटला. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी काहीतरी अर्ज घेऊन आलो आहे आणि साहेब जागेवर नाहीत. मग तिने छाती तारेवर टेकवली आणि रेटा दिला. एक्केचाळिसावा खांब कलला. मी तिच्या कपाळाला दोन्ही हात लावून मागे लोटत होतो, आणि माझे पाय मागे सरकत होते. सात पावलांची पाच झाली. मागे आणखी आठ जणी रांगेत. मी पत्नीला हाक मारली. मी तिला नावाने हाक मारली, जी मी चारचौघांत कधी मारत नाही.

ती गोठ्यामागून विळा टाकून धावली. तिच्या वाटेत पेटी होती. आत्या स्टुलावर झोपलेली, कात्री मांडीत. पत्नी त्या पेटीला जवळजवळ घासून गेली. सुतळी कापायला एक क्षण, बॅटरीचे चिमटे लावायला दोन क्षण, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तिने पेटीकडे पाहिलेदेखील नाही. ती तशीच पुढे आली, तारेखालून या बाजूला सरपटली, मला बाजूला ढकलले आणि खाणीकडे पाठ करून हेडबाईसमोर उभी राहिली. एक हात गायीच्या कपाळावर, दुसरा तारेवर. मागे साडेतीन पावले आणि मग चाळीस फूट.

मी तिला म्हणालो, अगं, सील तोडायचंस ना. ती दात आवळून म्हणाली, “शब्द दिलाय तुम्हाला.”

साहेब, मी एकतीस वर्षे कागद सांभाळले. त्या क्षणी मला समजले की मी त्या बाईला स्वतःच्या हाताने कड्यावर नेऊन उभे केले आहे, आणि तीही कागदावर सही असावी तशी तिथे उभी आहे. मला एवढी भीती आयुष्यात वाटली नाही आणि एवढी लाजही. मी धावलो. माझे वय चौसष्ट आहे, गुडघा एक निकामी आहे. कुरणाच्या कडेकडेने पेटीपर्यंत पोहोचलो. आत्याच्या मांडीतली कात्री घेतली. लाखेवर आपल्या कार्यालयाचा शिक्का स्पष्ट उमटला होता, तो मी वाचला आणि सुतळी कापली. मशीनचे बटण बंद केले, दुसरी बॅटरी आत सरकवली, लाल चिमटा लालला लावला, काळा काळ्याला, आणि बटणावर बोट ठेवून थांबलो.

का थांबलो, ते सांगणे आवश्यक आहे. झटका बसला की अडाणी गाय घाबरून पुढे उसळते. शिकवलेली गाय मागे हटते. पत्नीने या नऊ जणींना कुंपण उभारल्यावर एकेकीला दाव्याला धरून, आठ-आठ दिवस घालवून शिकवले होते. पण छातीभर तार रेटून उभ्या असलेल्या गायीला कोणी कधी झटका दिला नव्हता. ती पुढे उसळली असती तर समोर पत्नी होती. शिवाय पत्नीचा हात तारेवर होता, तो तिने काढला असता तर तार खाली आली असती. मी लांबून ओरडून विचारले, लावू का? मला वाटते मी लेखीच मागत होतो. तिने मान न वळवता सांगितले, “लावा.”

मी लावले.

गाय मागे गेली. एक उडी, दोन उड्या, आणि तिच्यामागे आठही जणी अशा वळल्या की सगळे कुरण धडधडले. पत्नीने तार सोडली आणि होती तिथेच मटकन खाली बसली. मी पोहोचलो तेव्हा ती तळहात कुरवाळत होती. ती मला जे बोलली ते शासकीय पत्रव्यवहारात लिहिता येणार नाही, पण त्यातील प्रत्येक शब्द वस्तुस्थितीला धरून होता. मग ती रडली, मग मी रडलो. आत्या जागी झाली आणि तिने घाईघाईने डबा वाजवायला घेतला. तिला थांबवावे लागले.

१२. सबब, वर परिच्छेद ९ मध्ये केलेली परवानगीची विनंती मी मागे घेत आहे. आता हा अर्ज समजू नये, ही माहिती समजावी. पेटीचे सील मी तोडले. फाटकाचेही मीच तोडले, कारण एकदा हात बसला होता. नऊही गायी दोन वाजता गोठ्यात आणून बांधल्या आहेत, त्यांना पोटभर गवत घातले आहे आणि यापुढे त्या कोणत्याही यादीत असणार नाहीत. या सर्वात पत्नीचा किंवा आत्याचा काही दोष नाही. चौकशीस अवश्य यावे, मी घरीच आहे. मी काहीही नाकारणार नाही आणि काहीही मागणार नाही.

१३. आणखी एक बाब अभिलेखावर असावी. दि. २८ ऑक्टोबर रोजी मी पत्नीवर घातलेली मनाई आज दुपारी १ वाजल्यापासून उठविण्यात आली आहे. तिने दिलेला शब्द तिला साभार परत केला आहे. यापुढे या जागेत कोणत्याही कार्यालयाने कोणतेही सील लावल्यास ते ठेवायचे की तोडायचे याचा निर्णय ती घेईल, आणि तो अंतिम राहील.

इतके कळविले आहे. जास्त काही मागणे नाही.

आपला,
(सही)
निवृत्त लिपिक, आवक-जावक शाखा

सोबत :
१) लाखेचे सील, दोन तुकडे, सुतळीसह (पेटीचे).
२) तेच, फाटकाचे, चुरा.
३) टक् मोजल्याची नोंदवही, पाने सहा.

प्रत : अर्जदाराची पत्नी, गोठा. माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी.